घरगुती चित्रफितींचे दप्तर

सालबाईच्या तहानंतर राजकारणातून बाजूला झालेले रघुनाथराव पेशवे कोपरगावी येऊन राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी येथेच त्यांचे देहावसान झाले. पेशवाईतील अशा असंख्य घटना आज आपल्याला तारीखवार आणि नावनिशीवार ठाऊक आहेत, त्याचे श्रेय जितके इतिहाससंशोधकांचे, तितकेच ज्या अज्ञात कारकुनांनी पत्रांच्या नकला उतरून ठेवल्या, कागद रुमालांत बांधले आणि कोणता कागद कोठे सापडेल हे पुढच्या माणसाला कळावे अशी तजवीज केली, त्यांचेही आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १९३० ते १९३४ या अवधीत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादून प्रसिद्ध करू शकले, ते हे कागद कोणीतरी राखले होते म्हणूनच.

सामान्य गृहस्थाच्या घरीही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत असे एक दप्तर साठले आहे. मात्र त्याला रुमाल नाही आणि फेरिस्त, म्हणजे यादीही नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस ज्या घरांत हॅंडीकॅम आला, किंवा ज्यांनी गावातल्या शूटिंगवाल्याकडून लग्नमुंजी टिपून घेतल्या, त्यांच्या कपाटात लहान लहान कॅसेटी पडून आहेत. कोणा कॅसेटीत थोरल्या मुलीच्या लग्नातील मंगलाष्टके आहेत, कोणा कॅसेटीत आजोबांच्या पंचाहत्तरीचे औक्षण आहे. कोपरगावच्या बेटातील शुक्राचार्यांच्या मंदिरातील महाशिवरात्र, साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ, शाळेचे स्नेहसंमेलन, पुलावर उभे राहून पाहिलेला गोदावरीचा पूर, असे या गावाचे कितीतरी जीवन त्या फितींवर उमटलेले आहे. त्या फिती वाचणारे कॅमेरे आता तयार होत नाहीत, जे आहेत ते झिजत चालले आहेत, आणि जे दुरुस्त करू शकत होते त्यांनी तो व्यवसाय सोडलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ साली असा इशारा दिला होता की, चुंबकीय फितीवरील जे साहित्य २०२५ पर्यंत डिजिटल स्वरूपात उतरविले जाणार नाही, ते बव्हंशी कायमचे हातचे जाईल. ती मुदत भरली आहे. त्या दिवशी सर्व फिती एकदम मुक्या झाल्या असे नव्हे. परंतु यापुढे प्रत्येक वर्ष नुकसानीचेच असणार, हे मात्र निश्चित.

यास्तव या लेखात दोन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. ज्यांच्याजवळ चालू स्थितीतील डिजिटल व्हिडिओ कॅमेरा आहे त्यांनी तो नीट कसा वापरावा, ही पहिली. आणि फितीवर किंवा कार्डावर असलेले चित्रण संगणकात उतरवून, नावनिशी लावून, सुरक्षित कसे ठेवावे, ही दुसरी. या दोहोंत दुसरी अधिक महत्त्वाची आहे. चित्रण करणे हे अर्धेच काम असून ते उतरविणे, तपासणे आणि त्याची नोंद ठेवणे हे उरलेले अर्धे होय. आणि आपल्याकडे हयगय झाली आहे ती या उत्तरार्धातच.

कॅमेऱ्याची आणि कॅसेटीची जात

प्रथम आपल्या हाती काय आहे ते ओळखावे. १९९५ साली बाजारात आलेल्या डीव्ही पद्धतीची घरगुती कॅसेट म्हणजे मिनी-डीव्ही. ती सुमारे ६६ मिलिमीटर लांब व ४८ मिलिमीटर रुंद असते, आतील फीत ६.३५ मिलिमीटर रुंदीची असते, आणि साधारण गतीने तीवर ६० मिनिटांचे चित्रण मावते. त्याहून मोठ्या, ८ मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या कॅसेटी तीन प्रकारच्या आढळतात: व्हिडिओ-८, हाय-८ आणि १९९९ साली सोनीने आणलेली डिजिटल-८. बाह्यतः त्या जवळजवळ सारख्याच दिसतात. परंतु पहिल्या दोहोंवरील चित्रण अ‍ॅनालॉग असते व तिसरीवरील मिनी-डीव्हीप्रमाणेच डिजिटल असते. म्हणून कॅसेटीवरील अक्षरांवर विसंबू नये. ती कोणत्या कॅमेऱ्यात भरली होती, याची घरात चौकशी करावी. डिजिटल-८ च्या बऱ्याच कॅमेऱ्यांत जुन्या हाय-८ कॅसेटीही चालतात, एवढेच नव्हे तर त्यांतील चित्रण डिजिटल होऊनच बाहेर पडते. ज्यांच्याकडे तिन्ही प्रकारच्या कॅसेटींची सरमिसळ आहे त्यांना असा कॅमेरा मिळाला, तर पुष्कळसे काम एकाच यंत्राने होईल.

यानंतरच्या काळातील कॅमेऱ्यांत फीत नसते. काहींत ८ सेंटिमीटर व्यासाची लहान डीव्हीडी असते, काहींत हार्ड डिस्क, आणि बहुतेकांत मेमरी कार्ड. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

चित्रण करताना

फितीच्या कॅमेऱ्याने आजही चित्रण करावयाचे असेल, तर नवी, न वापरलेली कॅसेट घ्यावी आणि कॅमेऱ्याच्या यादीत एसपी ही गती निवडावी. एलपी निवडल्यास ६० मिनिटांच्या फितीवर ९० मिनिटे मावतात खरी. पण रेघा इतक्या दाटीने उमटतात की, ती फीत दुसऱ्या कॅमेऱ्यात कित्येकदा वाचलीच जात नाही. ध्वनीसाठी १२ बिट आणि १६ बिट असे दोन पर्याय असतात, त्यांतील १६ बिट घ्यावा. डिजिटल झूम बंद करावा, कारण तो दूरची वस्तू जवळ आणीत नाही, असलेले चित्रच ताणून फिकट करतो. तारीख व वेळ आरंभीच बिनचूक लावावी. डीव्ही फितीवर प्रत्येक दृश्याबरोबर ती अदृश्यपणे नोंदली जाते आणि पुढे दप्तर लावताना तिच्याइतका विश्वासू दाखला दुसरा नसतो.

फीत सुरू होऊन स्थिर गती येण्यास काही सेकंद लागतात. म्हणून मुख्य प्रसंगाच्या दहा सेकंद आधी कॅमेरा सुरू करावा आणि प्रसंग संपल्यावरही दहा सेकंद थांबावे. मध्येच मागील चित्रण पाहिले असल्यास, पुन्हा सुरू करण्यापूर्वी फीत शेवटच्या दृश्याच्या अखेरीवर आणून ठेवावी. मध्ये कोरी जागा राहिली तर कॅमेरा कालक्रमांक (टाइमकोड) पुन्हा शून्यापासून मोजू लागतो, आणि एका कॅसेटीत एकच क्रमांक दोनदा आल्याने उतरविताना घोटाळा होतो.

कॅमेरा स्थिर ठेवणे हे या कलेचे पहिले व्रत आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, पहिला चित्रपट काढण्याआधी, एका वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस एकाच जागेवरून टिपली आणि ती पाहूनच त्यांना भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. तेथे चमत्कार घडविला तो हलत्या कॅमेऱ्याने नव्हे, अढळ कॅमेऱ्याने. तिपाई असेल तर उत्तम. नसेल तर भिंतीला पाठ टेकावी, कोपरे छातीशी धरावीत आणि एक दृश्य निदान दहा सेकंद न हलविता घ्यावे. फिरवावयाचेच झाले तर एका दिशेने, संथपणे फिरवावे आणि दोन्ही टोकांना थांबावे. मनमाडच्या पलीकडे मालेगावात शेख नासिर आणि त्यांच्या मित्रमंडळींनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’सारखे चित्रपट उभे केले, त्यांची हकिकत २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात आहे. कॅमेरा उचलण्यासाठी बैलगाडी आणि पुढे सरकविण्यासाठी सायकल वापरणारी ती माणसे पाहिली, म्हणजे साधने तुटपुंजी असतानाही कॅमेऱ्याची चाल संयमित राखता येते, याविषयी शंका उरत नाही.

प्रकाशाच्या बाबतीत आपल्या भागात दोन अडचणी नेहमी येतात. उन्हाळ्यातील दुपारी देवळाच्या उजळ भिंतीपुढे किंवा घाटावर नदीच्या चकाकत्या पाण्यापुढे माणूस उभा केला की, कॅमेरा पार्श्वभूमीच्या उजेडाचा हिशेब धरतो आणि माणसाचा चेहरा काळवंडतो. अशा वेळी प्रकाश हाताने वाढवावा किंवा बॅकलाइटचे बटण दाबावे, आणि शक्य तर माणसालाच बाजूला वळवावे. दुसरी अडचण मंडपाची. पिवळ्या-तांबड्या कापडातून झिरपलेल्या उजेडात हळदीचा सारा प्रसंग एकाच रंगात न्हाऊन निघतो. त्यावर उपाय असा की, मंडपात उभे राहून कॅमेऱ्यापुढे पांढरा कागद धरावा आणि व्हाइट बॅलन्स त्या कागदावर बांधून घ्यावा.

ध्वनीकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. वस्तुतः वीस वर्षांनी चित्राहून अधिक मोल आवाजाला येते. हेडफोन लावूनच चित्रण करावे. नदीकाठी वाऱ्याकडे पाठ करावी आणि मायक्रोफोनवर फोमचे आवरण चढवावे. वरातीतील ध्वनिवर्धकाच्या समोर कधीही उभे राहू नये, तेथे नोंदलेला आवाज फाटतो आणि नंतर तो दुरुस्त होत नाही. वडीलधाऱ्या माणसांना बोलते करावयाचे असेल तर समारंभाच्या गर्दीत नव्हे, दुसऱ्या दिवशी घरी, पंखा बंद करून, चार-पाच फुटांच्या आत बसून करावे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हां यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कार्यात पुढे शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले, आणि आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहामुळे ते संगणकावर कोणालाही ऐकता येते. आपल्या आजीला येणाऱ्या दहा ओव्या तिच्या स्वतःच्या कंठातून नोंदून ठेवणे, हे त्याच कार्याचे घरगुती रूप आहे.

फितीची निगा

फितीचे शत्रू तीन: धूळ, दमटपणा आणि चुंबक. काळ्या मातीची धूळ आणि हंगामात कारखान्याच्या परिसरात उडणारी उसाच्या चिपाडाची भुकटी कॅमेऱ्याच्या यंत्रणेत शिरली, की चित्रावर चौकोन उमटू लागतात. म्हणून अशा ठिकाणी कॅसेट बदलू नये, बदलावीच लागली तर गाडीत किंवा खोलीत जाऊन बदलावी. वातानुकूलित जागेतून एकदम पावसाळी हवेत आल्यास आतील ढोलावर बाष्प साचते. पुष्कळ कॅमेरे थेंबाचे चिन्ह दाखवून तशी सूचना देतात. ती मिळताच कॅसेट बाहेर काढून, झाकण उघडे ठेवून, तासभर थांबावे. घाई केल्यास ओली फीत ढोलाला चिकटून तुटते.

कॅसेटी उभ्या ठेवाव्यात, फीत पूर्ण एका बाजूस गुंडाळलेली असावी, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी, आणि ध्वनिवर्धक, मोटार किंवा इन्व्हर्टर यांच्या शेजारी ती पेटी कदापि ठेवू नये. २००८ आणि २०१९ साली नाशिकपासून खाली गोदावरीला आलेले पूर ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांना तळमजल्यावरील खालच्या कप्प्यात असे दप्तर ठेवणे योग्य नाही, हे वेगळे सांगावयास नको.

उतरविण्याची सिद्धता

कॅसेट हाती घेतल्यावर पहिले कृत्य हे की, तिच्या कडेवरील लहान खिट्टी ‘सेव्ह’ या बाजूला सरकवावी, म्हणजे चुकून जुन्या चित्रणावर नवे उमटण्याची भीती राहत नाही. मग उजेडात धरून खिडकीतून फीत पाहावी. पांढरट ठिपके किंवा तंतू दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट कॅमेऱ्यात घालू नये, कारण ती स्वतः तर बिघडेलच, पण कॅमेऱ्याचे हेड खराब करून पुढच्या निरोगी कॅसेटींनाही बाधा करील. ती वेगळी काढून जाणकाराच्या हवाली करावी. निर्दोष कॅसेट प्रथम एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा आरंभापर्यंत मागे न्यावी, त्यायोगे वर्षानुवर्षे एकाच स्थितीत राहिलेल्या फितीचा ताण सारखा होतो. कॅमेऱ्याच्या हेडसाठी कोरडी सफाई कॅसेट मिळते. ती सुमारे दहा सेकंद चालवावी, अधिक नाही, कारण ती घासूनच साफ करते.

आता जोडणी. फितीच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बहुधा दोन खाचा असतात, एक यूएसबीची आणि एक फायरवायरची. सोनी आपल्या कॅमेऱ्यावर तीस आय-लिंक म्हणते आणि काही कॅमेऱ्यांवर ‘डीव्ही’ एवढेच लिहिलेले असते. येथे पुष्कळांची फसगत होते. यूएसबीने बहुतेक कॅमेऱ्यांतून केवळ कार्डावरील छायाचित्रे किंवा अगदी हलक्या प्रतीचे चित्र येते; फितीवरील अस्सल चित्रण जसेच्या तसे येते ते फायरवायरनेच. कॅमेऱ्याकडील टोक चार पिनांचे असते, संगणकाकडील सहा किंवा नऊ पिनांचे. बाजारात फायरवायरचे टोक यूएसबीत बसविणाऱ्या स्वस्त जोडण्या मिळतात, त्यांनी हे काम होत नाही. त्या घेऊ नयेत.

आजच्या संगणकांत फायरवायरची खाच नसते. टेबलावरच्या संगणकात पीसीआय एक्स्प्रेस कार्ड बसवून ती निर्माण करता येते. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत असे कार्ड नीट चालत नसल्यास त्याचे ‘लेगसी’ नावाचे जुने ड्रायव्हर घालावे लागते. मॅकवर थंडरबोल्टपासून फायरवायरपर्यंतच्या जोडण्या एकापुढे एक लावून काम साधत असे, परंतु २०२५ च्या मॅकओएसमधून अ‍ॅपलने फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे, तेव्हा जुनी प्रणाली असलेला मॅक या कामासाठी राखून ठेवावा. सर्वांत सोपी तजवीज अशी की, २००५ ते २०१२ च्या सुमाराचा, फायरवायर असलेला एखादा जुना चालू संगणक ओळखीत किंवा विवाहचित्रण करणाऱ्या जुन्या स्टुडिओत शोधावा आणि चार-पाच कुटुंबांनी मिळून तो वापरावा.

ज्या कॅसेटी अ‍ॅनालॉग आहेत, त्यांतही व्हीएचएस, त्यांच्यासाठी काही डिजिटल कॅमेऱ्यांचाच मध्यस्थ म्हणून उपयोग होतो: जुन्या व्हीसीआरच्या पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या तारा कॅमेऱ्यात घालाव्यात आणि कॅमेऱ्यातून फायरवायरने ते चित्र संगणकात न्यावे. ही सोय प्रत्येक कॅमेऱ्यात नसते. माहितीपुस्तिका पाहूनच ठरवावे.

प्रत्यक्ष उतरविणे

संगणक व कॅमेरा दोन्ही बंद असताना तार जोडावी. सहा पिनांच्या टोकातून वीजही वाहते, त्यामुळे ते उलटे दडपल्यास कॅमेऱ्याची खाच कायमची जळू शकते. कॅमेरा बॅटरीवर न ठेवता अडॅप्टरवर ठेवावा आणि ‘व्हीसीआर’ किंवा ‘प्ले’ या स्थितीत सुरू करावा. वीज मध्येच जाण्याचा अनुभव आपल्याकडे नवा नाही, म्हणून संगणक आणि अडॅप्टर दोन्ही यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर असावेत. संगणकाची झोपी जाण्याची व्यवस्था तात्पुरती बंद करावी आणि त्या वेळात त्यावर दुसरे काम करू नये.

विंडोजवर विनडीव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब ही विनामूल्य आज्ञावली या कामास पुरेशी आहे. अभिलेखागारांतील मंडळींनी सिद्ध केलेली डीव्हीरेस्क्यू ही आज्ञावली फितीवरील दोषांची चौकटवार नोंदही देते. कॅमेरा जोडला गेला की संगणकावरूनच फीत चालविता आणि थांबविता येते. फाइल डीव्ही स्वरूपातच ठेवावी. उतरवितानाच ती लहान करण्याचा मोह टाळावा. एक तासाची कॅसेट उतरण्यास एक तासच लागतो, त्याला आडवाट नाही. कारण येथे फाइलीची नक्कल होत नसून फीत वाजत असते.

जागेचा हिशेब आधीच करावा. डीव्ही चित्रण सेकंदाला सुमारे ३.६ मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा घेते. एक टेराबाइटच्या डिस्कवर अंदाजे ७५ कॅसेटी बसतील. डिस्क फॅट३२ पद्धतीने आखलेली असेल तर एका फाइलीस ४ गिगाबाइटची मर्यादा पडते आणि वीस मिनिटांच्या आत चित्रण तुटते. म्हणून ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने आखून घ्यावी.

उतरताना पडद्यावर नजर ठेवावी. चित्रावर चौकोन उमटले किंवा आवाज तुटला, तर थांबून हेड साफ करावे व तो भाग पुन्हा घ्यावा. तरीही दोष राहिला, तर ज्या कॅमेऱ्यात ते चित्रण झाले होते तोच मिळवून पाहावा. प्रत्येक यंत्राच्या हेडची बैठक किंचित वेगळी असते आणि जी फीत परक्या कॅमेऱ्यात अडखळते ती स्वतःच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा सुरळीत चालते. काम संपताच रुजुवात करावी: फाइलीचे वजन कालावधीशी जुळते का, गळलेल्या चौकटींचा आकडा शून्य आहे का, आणि आरंभ, मध्य व शेवट या तिन्ही ठिकाणी चित्र व आवाज एकमेकांशी धरून आहेत का. ही खातरजमा झाल्यावाचून कॅसेटीवर ‘उतरविली’ असा शेरा मारू नये, आणि उतरविलेली कॅसेटही फेकू नये.

कार्डावरील आणि लहान डीव्हीडीवरील चित्रण

मेमरी कार्डाच्या किंवा हार्ड डिस्कच्या कॅमेऱ्यातून चित्रण यूएसबीने किंवा कार्ड रीडरने सहज येते, आणि या सहजतेमुळेच चुका होतात. २००६ पासून प्रचारात आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत चित्रण ‘प्रायव्हेट’ नावाच्या फोल्डरात, त्याच्याही आत तीन-चार घरे ओलांडून, एमटीएस फाइलींच्या रूपाने असते. लोक तेवढ्या फाइली उचलतात आणि बाकीचे निरुपयोगी समजून पुसतात; परंतु लांबलेले चित्रण आपोआप अनेक फाइलींत विभागले जाते आणि त्यांचा सांधा कोठे आहे याची माहिती त्या इतर फाइलींत असते. म्हणून कार्डावरचा संपूर्ण फोल्डर, त्यातील नावे न बदलता, जसाच्या तसा उतरवावा. दुसऱ्या डिस्कवर त्याची प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसू नये.

लहान डीव्हीडीच्या कॅमेऱ्यांत ‘फायनलाइज’ नावाचा संस्कार असतो; तो केल्याशिवाय ती डीव्हीडी सामान्यतः दुसऱ्या यंत्रात वाचता येत नाही. तो कॅमेरा अजून चालू असेल तर सर्व अपुऱ्या तबकड्यांवर हा संस्कार आजच उरकून घ्यावा.

अस्सल आणि नक्कल

उतरविलेली डीव्ही फाइल ही यापुढे अस्सल समजावी. तिच्यात कापाकापी करू नये, रंग सुधारू नयेत, वर संगीत चढवू नये. नातेवाइकांना मोबाइलवर पाठविण्यासाठी हॅंडब्रेकसारख्या विनामूल्य आज्ञावलीने एमपी४ नक्कल करावी. ती तासाला एक-दोन गिगाबाइटांत बसते. त्या वेळी ‘डीइंटरलेस’ हा पर्याय निवडावा, कारण जुन्या चित्रणात प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चौकटींनी विणलेली असते आणि तशीच नक्कल केल्यास हलत्या वस्तूंच्या कडा दातेरी दिसतात. संकलन करावयाचे तर शॉटकटसारख्या विनामूल्य आज्ञावलीत, नकलेवर, हवे तितके करावे.

अस्सलाच्या तीन प्रती असाव्यात, त्या एकाच जातीच्या माध्यमावर नसाव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी. एक डिस्क कोपरगावी, एक पुण्या-मुंबईत असलेल्या मुलाकडे, आणि निवडक भाग तरी इंटरनेटवरील साठ्यात, इतका बंदोबस्त सामान्य कुटुंबालाही परवडतो. ज्या फाळक्यांचा उल्लेख वर आला, त्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज अपुऱ्या अवस्थेतच उरला आहे. आणि जुने चित्रपट राखण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यानंतरही २००३ च्या जानेवारीतील आगीत नायट्रेटवरील अनेक जुन्या चित्रपटांची रिळे जळाली. एका जागी ठेवलेली वस्तू, मग ती कितीही जपलेली असो, एका दुर्घटनेच्या स्वाधीन असते. डिस्काही अमर नसतात. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास म्हणा, प्रत्येक डिस्क जोडून उघडून पाहावी आणि पाच-सहा वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवावी.

फेरिस्त

शेवटचे काम सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित. प्रत्येक फाइलीला वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नाव द्यावे, जसे ‘२००४-०२-१५_कोपरगाव_लग्न_कॅसेट-१’, म्हणजे संगणकात त्या आपोआप कालक्रमाने लागतात. फितीत नोंदलेली तारीख पाहावी, पण ती डोळे मिटून स्वीकारू नये. कॅमेऱ्यातील लहान बॅटरी संपलेली असल्यास घड्याळ भलतेच वर्ष दाखविते. लग्नपत्रिकेशी मुकाबला करून ती पक्की करावी. मग एका वहीत किंवा तक्त्यात कॅसेटीचा क्रमांक, तारीख, स्थळ, प्रसंग, चित्रण कोणी केले, फितीची स्थिती, फाइलीचे नाव आणि प्रती कोठे आहेत, असे रकाने घालावेत.

या रकान्यांत एक रकाना असा आहे, जो संगणकाला भरता येत नाही, तो म्हणजे दिसणाऱ्या माणसांची नावे. पंक्तीत वाढणारी ती बाई कोण, सनईवाल्यामागे उभा असलेला फेटेवाला कोणत्या गावचा, वऱ्हाडाबरोबर आलेले ते वृद्ध गृहस्थ कोणाचे मामा, हे घरातील एक-दोन वडील माणसांनाच सांगता येते. त्यांना निवांतपणे चित्रण दाखवावे, मिनिटामिनिटाला थांबवावे, डावीकडून उजवीकडे नावे विचारावीत, नाते आणि गाव यांसह लिहून घ्यावीत. आणि शक्य तर त्या वेळी त्यांचे बोलणेही ध्वनिमुद्रित करावे, कारण नावाच्या मागून जी हकिकत येते ती कोणत्याच फितीवर नसते. नावाविना राहिलेले चित्रण दोन पिढ्यांनी परक्यांचे होते.

वाचकांना विनंती एवढीच की, या लेखातील साधनांची जुळवाजुळव पूर्ण होण्याची वाट पाहत बसू नये. कपाटातील सर्व कॅसेटी आज बाहेर काढाव्यात, खिट्ट्या ‘सेव्ह’वर सरकवाव्यात, क्रमांक टाकून एका वहीत त्यांची नोंद करावी, आणि ज्या कॅसेटीत घरातील दिवंगत माणसांचा आवाज आहे ती सर्वांत आधी उतरवावी. फायरवायर आणि कॅमेरा उद्या कष्टाने का होईना मिळतील. नावे सांगणारी माणसे मात्र थांबणार नाहीत, म्हणून त्यांच्यापासूनच आरंभ करावा.